रुंद पंजा, बारीक टाच, अंगठ्याला गाठ: हाम्टासाठी वॉटरप्रूफ बूट कसे शोधू?

ऐरोलीची_भटकी

नमस्कार मंडळी. जूनमध्ये हिमाचलमधला हाम्टा पासचा ट्रेक ठरलाय, ऑफिसमधल्या तिघी आणि मी, पैसे भरून झालेत, रजा मंजूर झालीय, आणि आता सगळं बुटांपाशी अडलंय. ग्रुपने पाठवलेल्या यादीत पहिलीच ओळ आहे, घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज, स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत. मान्य आहे. पण माझे पाय कुठल्याच बुटात नीट बसत नाहीत. पंजा खूप रुंद, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय (डॉक्टर बनियन म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले), टाच मात्र एकदम बारीक, आणि पाय वरून उंच असल्यामुळे लेस बांधली की पायाच्या पाठीला रग लागते. लेडीजमध्ये यूके ६ घातला की करंगळी चेपते, ७ घातला की पंजा मोकळा पण प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते. ठाणे, वाशी, सीवूड्स, मुलुंड, जिथे जिथे ट्रेकिंगचे बूट ठेवतात तिथे जाऊन आले. सगळीकडे एकच उत्तर, घ्या मॅडम, वापरून वापरून सैल होतील. खरंच होतात का?

बजेट दहा हजारांपर्यंत. आणि हेच बूट पुढे पावसाळ्यात माहुली, पेब, गोरखगडला पण वापरता आले तर बरं, कारण एवढे पैसे घालून एकाच ट्रेकसाठी घ्यायचे जिवावर येतंय. ज्यांचे पाय असे अडचणीचे आहेत त्यांनी काय केलं ते प्लीज सविस्तर सांगा.

कातळवेडा

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. "सैल होतील" या भरवशावर बूट अजिबात घेऊ नका. चामड्याचा बूट पंज्यापाशी आडवा थोडा पसरतो, लांबीला वाढत नाही. सिंथेटिक कापडाचा आणि पुढे दगड लागू नये म्हणून रबराची पट्टी चिकटवलेला असेल तर तो तेवढाही पसरत नाही. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर पाच मिनिटांत जिथे चेपतंय तिथे चार तास चालल्यावर फोड येणार हे धरून चाला.

आता वॉटरप्रूफ. हिमालय आणि सह्याद्री यांचा हिशोब इथे पूर्ण वेगळा आहे, आणि दोन्हीला एकच बूट हवा म्हणून लोक चुकीची खरेदी करतात असं माझं स्पष्ट मत आहे. हाम्टाची खिंड साधारण ४२७० मीटरवर, जूनमध्ये बालू का घेरा या खिंडीअलीकडच्या मुक्कामाच्या पुढे भरपूर बर्फ असतो, आणि पलीकडे शिया गोरूच्या मुक्कामाला उतरताना बर्फाचा लांब उतार आहे. सकाळी कडक असलेला बर्फ ऊन चढलं की भुसभुशीत होतो, बुटावर चढून वितळतो, साधा जाळीचा बूट असेल तर मोजे ओले, बोटं गार, आणि संध्याकाळी तंबूत वाळवायची सोय नाही. तिथे वॉटरप्रूफ पाहिजेच. शिया गोरूजवळ नदी ओलांडावी लागते तिथे मात्र बूट काढून हातात घ्यायचे, त्यासाठी मागे पट्टा असलेली सँडल वेगळी ठेवा, पाणी बर्फाचंच असतं.

आपल्याकडे जुलैत पाणी बुटाच्या कापडातून येत नाही, वरून येतं. पँट भिजते, पायावरून ओघळ मोज्यात उतरतो, एखाद्या ओढ्यात पाय गुडघ्यापर्यंत गेला की बूट भरलाच. आणि वॉटरप्रूफ बुटाच्या आतला जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तोच ते बाहेरही जाऊ देत नाही, मग दिवसभर पायात पाणी घेऊन चालायचं. शिवाय हे गोअर-टेक्स वगैरे पडदे घामाची वाफ बाहेर टाकतात ती आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हाच नीट, पावसाळ्यात आपल्या हवेत बाहेरच एवढी आर्द्रता असते की वाफ जाणार कुठे, पाय घामानेच भिजतो. म्हणून पावसाळ्याला जाळीचे, पटकन निथळणारे, आणि ओल्या शेवाळलेल्या कातळावर ज्याचं रबर धरतं असे बूट बरे. अ‍ॅक्शन ट्रेकिंग आणि हंटर घालून इतकी वर्षं लोक गड चढतायत त्याला कारण आहे, ते भिजतात पण जड होत नाहीत आणि स्वस्त आहेत. तुमच्या दहा हजारातला मोठा भाग हाम्टाच्या बुटावर घाला आणि थोडे पावसाळ्यासाठी बाजूला ठेवा.

खारघरची_टेकडी

अगं तुझा पाय वाचून वाटलं कोणी माझंच वर्णन लिहिलंय, फक्त माझी गाठ डाव्या पायाला आहे. मला कशाने फरक पडला ते सांगते.

पहिली गोष्ट, लेडीज सेक्शन सोड. यूके साइज बायका आणि पुरुष दोघांना लांबीला एकच असतो, फरक रुंदीचा. बायकांचा नेहमीचा साचा बी रुंदीचा आणि पुरुषांचा डी, म्हणजे त्याच ६ नंबरमध्ये पुरुषांचा बूट पंज्यापाशी ठळक रुंद असतो. पुरुषांचे ६ सगळीकडे ठेवत नाहीत, बऱ्याच दुकानांत ७ पासूनच सुरू होतात, पण विचारलं की मागवून देतात. टाच त्यात अजून सैल लागेल हे खरं, पण टाचेचा उपाय लेसने होतो, चेपणाऱ्या करंगळीचा कशाने होत नाही. म्हणून बूट नेहमी पंज्यासाठी निवडायचा आणि टाच नंतर आवळायची, उलटं कधीच नाही.

दुसरं, घरी माप घे. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि ट्रेकला तर अजूनच सुजतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभी राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन, पेन्सिल सरळ धरून दुसऱ्या कोणाकडून रेघ मारून घे, स्वतः वाकून मारलीस की माप बदलतं. लांबी आणि पंज्याची सगळ्यात जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेव. एक यूके नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर आणि एक युरोपियन नंबर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास, म्हणून एका पद्धतीत मधोमध अडकलेला पाय कधी कधी दुसऱ्या पद्धतीत नीट सापडतो.

तिसरं, दुकानात बूट घालायच्या आधी आतला इनसोल बाहेर काढ आणि त्यावर मोजे घालून उभी राहा. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट ठेवून दे, घालून बघायची पण गरज नाही. माझी निम्मी फेरी इथेच वाचते. बसला तर मग पायऱ्या उतरून बघ, मॉलमध्ये उताराचा रॅम्प असेल तर अजून छान, पाच-दहा मिनिटं, आणि उतरताना मुद्दाम पाय आपटून बघ. बोटं पुढे टेकली तर नको. हाम्टाचा उतार लांब आहे, नखं काळी होतात ती अशीच. आणि मोजे ट्रेकचेच घेऊन जा, दुकानातल्या पातळ नायलॉनच्या मोज्यात बसलेला बूट लोकरीच्या मोज्यात बसत नाही.

लेसचं. टाच उचलली जाते त्यासाठी सगळ्यात वरच्या दोन भोकांमध्ये लेस समोर न नेता त्याच बाजूला घालून छोटासा फास ठेवायचा, मग उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्यातून काढून खाली ओढायची आणि मग गाठ. टाच मागे घट्ट बसते. वर हुक असतील तर पाय वाकतो तिथे लेस दोनदा एकमेकींभोवती पिळायची, म्हणजे खाली सैल आणि वर घट्ट असं वेगवेगळं ठेवता येतं. आणि पायाची पाठ दुखते तिथे लेस आडवी नेऊच नको, त्या उंचवट्यापाशी दोन्ही बाजूंनी सरळ वर ने आणि पुढच्या भोकापासून परत तिरकी सुरू कर. एवढ्याने माझी रग पूर्ण गेली.

उपवनकर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बनियनबद्दल थोडं लिहितो. वरचा सल्ला उत्तम आहे, त्यात भर.

गाठ असलेल्या पायाला नुसती रुंदी पुरत नाही. बुटाची शिवण नेमकी त्या हाडावर येते का ते बोट आत घालून चाचपा. शिवण किंवा दोन कापडांचा जोड तिथे असेल तर बूट कितीही रुंद असला तरी घासणारच. आडवी शिवण नसलेला, पंज्यापाशी एकसंध चामडं असलेला बूट अशा पायाला जास्त सोसतो. गाठीवर सिलिकॉनचं कव्हर घालणार असाल तर बूट बघतानाच ते घालून जा, त्याची जाडी पण जागा खाते.

दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा आणि लहान पायाच्या बुटात इनसोलखाली एक पातळ थर टाकायचा. चालताना बोटं बधिर झाली तर लेस वरून फार आवळलीय, लगेच सोडा, तसंच दामटून चालू नका. ट्रेकच्या आठवडाभर आधी नखं सरळ कापा, आदल्या रात्री नको.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणाला मधुमेह असेल तर कळकळीने सांगतो, तुम्हाला बूट चेपतोय हे कळेलच असं नाही, पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. रोज मुक्कामी बूट-मोजे काढून तळवा आणि बोटांच्या बेचक्या स्वतः डोळ्यांनी बघा, दिसत नसेल तर सोबत्याला बघायला सांगा. बारीक फोडाकडे दुर्लक्ष करू नका.

सिडको_ते_सांदण

माझी अडचण उलटी आहे, पाय लांब आणि चपटा बारीक, सगळे बूट आत पोकळ वाटतात, कितीही आवळले तरी लेसच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि पाय तरी हलतोच. त्यावर काही?

खारघरची_टेकडी

@सिडको_ते_सांदण, जाड इनसोल घालून बघा, पाय वर उचलला जातो आणि पोकळी भरते. नाहीतर जिभेच्या आतून फेल्टची पट्टी चिकटवा, पाय मागे टाचेकडे ढकलला जातो. अजून मोजे चढवून जागा भरू नका, ते आत सरकतात आणि फोड येतात.

ऐरोलीची_भटकी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप धन्यवाद. काल रात्री आईकडून रेघा मारून घेतल्या. उजवा २४३ मिमी, डावा २३९, रुंदी उजव्याची १०३. म्हणजे लांबीने मी ६ चीच आहे आणि इतके दिवस ७ बघत होते ते फक्त रुंदीसाठी. आज पुरुषांचा ६ एका दुकानात मिळाला, इनसोलवर उभी राहिले, करंगळी काठावर होती पण बाहेर नव्हती, गाठीपाशी मात्र अजून दाब येतोय.

दोन प्रश्न. स्टेशनजवळचा चांभार म्हणतो फर्म्यावर (बूट ताणायच्या साच्यावर) चढवून गाठीपुरता फुगवून देतो, करू का? आणि ऑनलाइन बाहेरच्या कंपन्या रुंद बूट करतात म्हणे, कुठल्या?

कातळवेडा

माप बघून छान वाटलं, आता अंदाजाने फिरावं लागणार नाही.

कंपन्यांचं. कीनचे बूट बोटांपाशी मुळातच रुंद आणि गोल असतात, तुम्हाला आधी तेच बघायला सांगेन. न्यू बॅलन्स रुंदी अक्षरात देते, २ई म्हणजे रुंद, ४ई म्हणजे अतिरुंद, पुरुषांच्या हिशोबाने. आल्ट्राचा पुढचा भाग पायाच्या आकाराचाच असतो पण त्यात टाच आणि पंजा एकाच उंचीवर असतात, सवय नसेल तर पोटऱ्या आणि घोट्यामागची शीर ओढली जाते, तुमच्याकडे तीन महिने आहेत, रोज चालायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. हानवाग नावाची जर्मन कंपनी तर खास बनियनच्या पायासाठी वेगळ्या साच्यावर बूट करते, पण ते दहा हजारात बसणार नाही. आणि एक लक्षात घ्या, एकाच कंपनीची दोन मॉडेल दोन वेगळ्या साच्यांवर असू शकतात, त्यामुळे कोणी म्हणालं अमुक ब्रँड रुंद असतो तर मॉडेलचं नाव विचारा. ऑनलाइन घ्याल तर परत घेण्याची अट नीट वाचून घ्या, घरातल्या स्वच्छ लादीवरच घालून फिरा, खाली उतरू नका.

फर्म्याचं मात्र थांबा. आत वॉटरप्रूफ पडदा असतो तो मोज्यासारखा शिवलेला असतो आणि शिवणी आतून टेप लावून बंद केलेल्या असतात. ओला करून किंवा गरम करून ताणला तर टेप सुटू शकते, आणि ती सुटलेली बाहेरून दिसत नाही, कळतं ते बर्फात.

खारघरची_टेकडी

इथे मी थोडं वेगळं सांगेन दादा. पडदा असलेल्या बुटाला चांभाराने हात लावू नये हे बरोबरच, पण पडदा नसलेला चांगला चामडी बूट घेऊन तो गाठीपुरता ताणून घेता येतो, मी तसंच केलंय आणि ज्या चांभाराकडे केलं तो एक दिवस फर्म्यावर ठेवून हळूहळू वाढवत गेला, घाई केली नाही. मग त्याला शिवणींसकट मेण नीट चोळायचं, जिभेच्या दोन्ही कडांना पण, एकदा घरी आणि एकदा निघायच्या आदल्या दिवशी. जिभेची कड वरपर्यंत शिवलेली बघून घ्यायची, नाहीतर तिथून पाणी शिरतं. हाम्टाला बर्फाचा मोठा दिवस एकच, तेवढ्याला मेण लावलेलं जाड चामडं पुरतं, वर गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत गुंडाळायची कापडी आवरणं) घालायचे म्हणजे घोट्यातून बर्फ आत जात नाही. ज्या पायाला पडदावाला बूट बसतच नाही त्याने काय करायचं, चेपणारा वॉटरप्रूफ घालून लंगडायचं का? मला तरी बसणारा बूट पहिला आणि वॉटरप्रूफ दुसरा असंच वाटतं.

कातळवेडा

हे पटलं. चामड्याला वजन जास्त आणि ओलं झालं तर वाळायला वेळ, एवढं धरून चालायचं. वाळवताना वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, शेकोटीजवळ किंवा गॅसजवळ नेऊ नका, चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो.

ऐरोलीची_भटकी

एक नवीनच गोष्ट झाली. आतेबहिणीकडे तिचे जुने चामड्याचे बूट निघाले, ती लेहला गेली होती तेव्हाचे, नंतर लग्न, मुलं, त्यामुळे कित्येक वर्षं माळ्यावर खोक्यात होते. पुरुषांचे ६ आहेत, आणि काय सांगू, गाठीपाशी कुठेच दाब नाही, तुम्ही सांगितलेली लेस बांधली तर टाच पण हलत नाही. दिसायला नवे कोरे. हेच घेऊन जाऊ का?

उपवनकर

थांबा, आधी सोल बघा. टाचेपाशी खालचं रबर आणि वरचं चामडं यांच्यामधला जो मऊ थर असतो त्याला नखाने दाबा. चिकट लागला, भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर विषय संपला. नखाने काही झालं नाही तरी खात्री नाही. पुष्कळ जड बुटांत तो थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो आतून विरघळल्यासारखा होत जातो, वापरलेला असो वा नसो, उलट खोक्यात बंद ठेवलेला लवकर जातो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर फारच. दिसायला नवा असतो आणि चालायला लागलं की तासाभरात पूर्ण तळ सुटून हातात येतो. ट्रेकिंगच्या एका ग्रुपबरोबर असताना हे डोळ्यांनी बघितलंय, त्या मुलीने दोरीने तळ बांधून उरलेली वाट काढली.

सिडको_ते_सांदण

चांभाराकडून सोल कडेने शिवून घेतला तर?

उपवनकर

पावसाळ्यातल्या साध्या बुटाला लोक शिवून घेतात ते ठीक आहे, चिकटवलेला तळ सुटू नये म्हणून. इथे दोन अडचणी. थर स्वतःच भुगा झाला असेल तर शिवण धरणार कशाला? आणि कडेच्या प्रत्येक टाक्याला भोक पडतं, बर्फात तिथूनच पाणी आत.

कातळवेडा

ताई, नखाच्या परीक्षेत पास झाले तर घालून येऊरला मामा-भाच्यांच्या डोंगरावर जा किंवा पारसिकच्या टेकडीवर, पाठीवर सात-आठ किलो घेऊन, वर-खाली, तीन-चार रविवार. घराजवळ तळ सुटला तर रिक्षा मिळते. तेवढं टिकले तरी मी स्वतः हाम्टाला इतके जुने बूट नेणार नाही, पण तो तुमचा निर्णय.

मात्र त्या बुटांचा एक उपयोग आत्ताच आहे. जिभेच्या आतल्या बाजूला लेबल असेल, त्यावर कंपनी, मॉडेल आणि नंबर लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढा. तुमच्या पायाला बसणारा साचा सापडलाय. ते मॉडेल अजून निघतं का बघा, बंद झालं असेल तर कंपनीला ईमेल करून विचारा की याच साच्यावरचा आताचा बूट कुठला. लेबल पुसलं असेल तर फोटो इथे टाका, कोणीतरी ओळखेल.

ऐरोलीची_भटकी

नखाने उजव्या टाचेपाशी बारीक भेग दिसली, म्हणजे हे गेले. लेबल वाचता येतंय, मॉडेलचं नाव पण आहे. ईमेल लिहायला घेते, उत्तर आलं की इथेच टाकते.